उचल घेण्याआधीपासून हिशोब मिटेपर्यंत: बेळगाव सीमाभागातल्या हंगामी कामगारांसाठी

दसरा झाला की कागलच्या पुढे दूधगंगेच्या पुलावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. ट्रॉलीत भांडी, पत्र्याच्या पेट्या, शेळ्या, आणि मांडीवर पोर घेऊन बसलेल्या बायका. बीडकडून आलेली टोळी पूल ओलांडते, कोगनोळीचा नाका येतो आणि राज्य बदलतं. माणसं तीच, कोयता तोच, ऊसही तसाच. पण तक्रार कुठल्या ऑफिसात करायची, मजुरीचा दर कुठल्या सरकारचा धरायचा, अर्ज कुठल्या भाषेत वाचला जाणार, हे सगळं त्या पुलावर बदलतं. ट्रॉलीतल्या कुणालाही ते सांगितलेलं नसतं.

उलटी वाटही वाहती आहे. खानापूर तालुक्यातली पोरं चोर्ला आणि अनमोड घाटातून गोव्याला हॉटेलांत आणि बांधकामांवर जातात. निपाणी-चिकोडीकडची माणसं कागल, गोकुळ शिरगाव, शिरोलीच्या एमआयडीसीत जातात. आणि बेळगावच्या उद्यमबागेतल्या, मच्छेतल्या फौंड्र्यांत बाहेरच्या राज्यांतून आलेले कामगार राबतात.

मी खानापूर तालुक्यातला. कन्नड लिहिता-वाचता येतं म्हणून लोक माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला येतात. या कामात एक गोष्ट इतक्यांदा पाहिली आहे की ती आधीच सांगतो. माणूस खरं बोलत असतो, कायदाही त्याच्या बाजूचा असतो, तरी पैसे बुडतात. कारण त्याच्या हातात कागद नसतो, किंवा अर्ज भलत्याच राज्यात पडलेला असतो. म्हणून हा लेख कायद्याच्या कलमांपासून सुरू होत नाही, तुम्ही गाव सोडण्याच्या आदल्या आठवड्यापासून सुरू होतो.

गाव सोडण्याआधी

उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, मोजून घेताना मुकादम (टोळी जमवणारा माणूस) कागदावर अंगठा किंवा सही घेतो. त्या कागदाचा फोटो तिथेच, त्याच्यासमोर काढा. रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहिलेली आहे ना, ते पाहा. कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्पवर किंवा रक्कम न भरलेल्या चेकवर सही करू नका. मुकादम म्हणेल, "माझ्यावर भरोसा नाही का?" त्याला सांगा, भरोसा आहे म्हणूनच लिहून ठेवू, उद्या वाद नको. शक्य असेल तर उचल बँकेच्या खात्यात घ्या. रोख घेतलेली रक्कम किती होती, यावर हंगामाच्या शेवटी जितकी भांडणं होतात तितकी दुसऱ्या कशावर होत नाहीत.

त्याच बैठकीत चार प्रश्न विचारा आणि उत्तरं मोबाइलमध्ये रेकॉर्ड करा, निदान कुणाच्या तरी वहीत लिहून घ्या. काम कुठल्या कारखान्याचं किंवा कुठल्या मालकाचं? कुठल्या तालुक्यात? टनाला किंवा दिवसाला दर काय? जाण्यायेण्याचा खर्च कोण देणार? महाराष्ट्रात जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला. पण तोडीचा फड (उसाचं शेत) कर्नाटकात असेल तर तोच दर मिळेल असं गृहीत धरू नका, आकडा विचारून घ्या.

मग कागदपत्रं. ई-श्रम पोर्टलवर नोंद करून घ्या. पीएफ (भविष्यनिर्वाह निधी) किंवा ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) नसलेल्या १६ ते ५९ वयाच्या कामगाराला ती करता येते, पैसे लागत नाहीत, आधार आणि बँक खातं लागतं. मदतीचा नंबर १४४३४. बँकेत जाऊन वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा सुरू आहे का, तेही पाहा. अपघाती मृत्यूला त्यात दोन लाख मिळतात, आणि खात्यात २० रुपये शिल्लक नव्हते म्हणून तो बंद पडलेला अनेकांच्या बाबतीत पाहिला आहे. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र घ्यावं. रेशनकार्ड गावी ठेवून यायची गरज नाही, तसंच ते पूर्ण इकडे वळवायचीही गरज नाही. एक देश एक रेशनकार्ड योजनेत आधारवर अंगठा लावून कुटुंबातल्या काही जणांचं केंद्राच्या योजनेतलं धान्य इथल्या दुकानात आणि उरलेल्यांचं गावी उचलता येतं. दुकानदार नाही म्हणाला तर १४४४५ वर फोन करा.

पहिला दिवस: मालक कोण ते शोधा

कामगाराला विचारलं की तो मुकादमाचं नाव सांगतो, नाहीतर ठेकेदाराचं. कायद्याला त्यामागचा मालकही लागतो. ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी ज्याच्यासाठी काम झालं त्या मूळ मालकावर येते. आधी कंत्राटी कामगार कायद्यात ही तरतूद होती, आताच्या कामगार संहितेतही आहे (त्याबद्दल खाली). म्हणून पहिल्याच दिवशी फॅक्टरीच्या गेटवरच्या पाटीचा, बांधकामाच्या जागेवरच्या फलकाचा, वीटभट्टीच्या नावाचा फोटो काढा. उसाच्या टोळीनं कारखान्याचं नाव, गट ऑफिस आणि स्लिपबॉयचा (तोडीची चिठ्ठी देणाऱ्याचा) नंबर टिपून ठेवावा. साखर कारखाने बहुतेक वेळा म्हणतात की टोळी आमची नाही, मुकादमाची आहे. अशा वेळी कारखान्याचं नाव छापलेली तोडीची चिठ्ठी आणि वजनाची पावती हेच तुमचं उत्तर.

आता राज्याचा मुद्दा. इथे काही कारखाने सीमेच्या दोन्ही बाजूंचा ऊस नेतात, त्यामुळे आज निपाणी तालुक्यात, चार दिवसांनी कागल तालुक्यात असं होतं. ज्या दिवशी ज्या गावात काम, त्या गावाचं नाव वहीत त्या दिवसासमोर लिहा. मजुरीची तक्रार काम जिथे झालं तिथल्या कामगार खात्याकडे चालते, तुमच्या आधारवरच्या पत्त्यावर नाही. खानापूरच्या पोरानं मडगावातल्या हॉटेलाची तक्रार बेळगावात दिली आणि दोन महिन्यांनी कागद "आमच्या हद्दीत नाही" म्हणून परत आला, असं मी स्वतः पाहिलं आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि जुने २९ कायदे त्यांत सामावले गेले. ऑफिसांत अजून दोन्ही नावं ऐकू येतात, "किमान वेतन कायदा" आणि "वेतन संहिता". त्यानं गोंधळून जाऊ नका. अर्जात कायद्याचं नाव नक्की माहीत नसेल तर "लागू असलेल्या कायद्यानुसार" इतकं लिहिलं तरी चालतं. नव्या संहितेत दोन गोष्टी कामाच्या आहेत. एक, प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं आहे, तेव्हा ते मागा. दोन, आंतरराज्य स्थलांतरित कामगार म्हणजे फक्त ठेकेदारानं आणलेला माणूस असं आता राहिलेलं नाही. स्वतःहून येऊन दुसऱ्या राज्यात काम धरलेला, महिना १८ हजारांपर्यंत मजुरी असलेला माणूसही त्यात येतो. अशा दहा किंवा अधिक कामगारांच्या जागी गावी जाण्यायेण्याच्या भाड्याची एकरकमी तरतूद मालकानं करायची आहे.

वही

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. दहा रुपयांची वही घ्या आणि रोज रात्री एक ओळ लिहा: तारीख, गाव, कामाला लागल्याची वेळ, सुटल्याची वेळ, किती टन किंवा किती नग, हातात किती पैसे आले आणि कुणाकडून.

लिहिता येत नसेल तर शाळेत जाणारं पोर लिहील. तेही नसेल तर रोज संध्याकाळी मोबाइलवर स्वतःच्याच घरच्या माणसाला आवाजाचा मेसेज पाठवा: "आज अमुक तारीख, अमुक गावात, सकाळी पाचला गेलो, सात वाजता आलो, एक खेप झाली." मेसेजवर तारीख-वेळ आपोआप पडते. महिन्याभरात तीस मेसेज होतात, ते पुसू नका.

वजनाच्या पावत्यांबद्दल थोडं जास्त सांगतो. निपाणी भागातल्या एका टोळीतल्या मावशी हंगामाच्या शेवटी आल्या. तीन कोयत्यांचा, म्हणजे तीन जोडप्यांचा, हिशोब अडला होता. पावत्या कुठे आहेत, विचारलं. म्हणाल्या, मुकादमानं दर आठवड्याला "जमा करून हिशोब घालतो" म्हणून नेल्या. चार महिन्यांच्या घामाचा पुरावा ज्याच्याशी भांडण होतं त्याच्याच पेटीत होता. शेवटी कामी आले त्यांच्या मुलानं काढलेले सात-आठ फोटो. गंमत म्हणून काढलेले, भरलेल्या ट्रॉलीसमोर उभं राहून, मागे ट्रॉलीचा नंबर आणि हातात पावती. त्यावरून कारखान्याच्या नोंदीतल्या खेपा जुळवता आल्या आणि निम्म्याहून जास्त पैसे निघाले. उरलेले गेले. तेव्हापासून मी प्रत्येक टोळीला सांगतो: पावती द्यायची असेल तर द्या, पण आधी तिचा फोटो काढा आणि गावातल्या दोन माणसांना पाठवा, म्हणजे मोबाइल हरवला तरी फोटो राहतो.

कायद्यातली एक तरतूद या वहीला फार बळ देते. मजुरी दिली नाही, कमी दिली किंवा बेकायदा कापली अशी तक्रार झाली तर ती दिली होती हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. तुम्हाला फक्त हे दाखवायचं असतं की तुम्ही तिथे काम केलं. वही, फोटो, आवाजाचे मेसेज, सोबतच्या चौघांची नावं, एवढ्यानं ते दाखवता येतं.

मजुरीचा हिशोब कसा तपासायचा

कन्नडमध्ये किमान वेतनाला "कनिष्ठ वेतन" म्हणतात. मराठी माणसाला शब्द लगेच कळतो, म्हणून कामगार खात्यात तोच शब्द वापरा: "कनिष्ठ वेतन एष्टु?", म्हणजे किमान वेतन किती. कर्नाटकात प्रत्येक उद्योगाचा दर वेगळा असतो आणि महागाई भत्ता दर १ एप्रिलला बदलतो. महाराष्ट्रात तो १ जानेवारीला आणि १ जुलैला बदलतो. चालू वर्षाचा तक्ता कामगार निरीक्षकाकडे मागा. अंगावर, म्हणजे नगावर किंवा टनावर काम असलं तरी किमान वेतन लागू होतं.

जादा वेळेचं उदाहरण घेऊ. समजा आठ तासांची मजुरी ५६० रुपये आहे. म्हणजे तासाला ७० झाले. आठ तासांच्या पुढचा प्रत्येक तास दुप्पट दरानं, म्हणजे १४० रुपयांनी. बारा तासांची शिफ्ट केली तर चार तासांचे ५६० वेगळे, एकूण १,१२०. बारा तासांच्या शिफ्टला दिवसाची मजुरी दुप्पट होते, हे सोपं गणित डोक्यात ठेवा. फौंड्रीत आणि सिक्युरिटीच्या कामात "बारा तासांची हजेरी" म्हणून ७०० रुपये हातावर ठेवतात आणि पोरं खूश होतात. त्या पोरांचे रोजचे ४२० रुपये बुडत असतात.

रोजंदारीची मजुरी शिफ्ट संपताना द्यायची, आठवड्याची आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, महिन्याची पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. काम सोडलं किंवा काढून टाकलं तर राहिलेले सगळे पैसे दोन कामाच्या दिवसांत. "महिनाभर आधी सांगितलं नाहीस म्हणून पंधरा दिवसांचे पैसे बुडाले" हे ठेकेदाराचं पेटंट वाक्य, त्याला ऐकून गप्प बसू नका, अर्ज करा.

कपात कितीही असो, सगळी मिळून मजुरीच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नये. खाडा झाला तर जितका वेळ काम नव्हतं तितक्याच वेळाचे पैसे कापता येतात. एका खाड्याला दोन दिवसांची मजुरी कापणं बेकायदा आहे. एक सावधगिरी मात्र पाळा. दहा किंवा अधिक जणांनी ठरवून, नोटीस न देता, कारण नसताना काम बंद केलं तर आठ दिवसांपर्यंतची मजुरी कापायला कायदा वाव देतो. तेव्हा काम थांबवायचं झालं तर कारण लिहून, तारीख घालून, मालकाला किंवा ठेकेदाराला आधी द्या.

पैसे थकले: आता काय?

पहिलं पाऊल ठेकेदाराला मेसेज. व्हॉट्सॲपवर, साध्या भाषेत: "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचे माझे इतके रुपये येणे आहेत. कृपया अमुक तारखेपर्यंत द्यावेत." शिवी नको, धमकी नको. तो "देतो, थांब" म्हणाला तरी त्यानं देणं कबूल केलं. त्या उत्तराचा स्क्रीनशॉट जपा. फोनवर शंभर वेळा बोलून उपयोग नाही.

सांगितलेली तारीख उलटली की अर्ज. बेळगावात सहायक कामगार आयुक्तांचं आणि कामगार अधिकाऱ्यांचं कार्यालय आहे, तालुक्यांसाठी कामगार निरीक्षक असतात. लोकांना खात्याचं नाव विचारताना "कार्मिक इलाखे" असं विचारा, "लेबर ऑफिस" म्हटलं तरी रिक्षावाला बरोबर नेतो. कर्नाटकाच्या कामगार खात्याचा मदतीचा नंबर १५५२१४.

भाषेवरून अडतं ते इथेच. टेबलापलीकडून "कन्नडदल्लि बरीरि" म्हणतात आणि आपला माणूस तसाच माघारी येतो, तो परत जात नाही. हे लक्षात ठेवा: राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार कुठल्याही गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत करण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. मराठी अर्ज घ्यावाच लागतो. पण माझा सल्ला असा की हक्क ठाऊक असू द्या आणि काम लवकर व्हावं म्हणून वर कन्नडमध्ये चार ओळी जोडा. नाव, मालकाचं नाव, किती दिवसांचे किती रुपये, आणि एक वाक्य: "ननगे कूली कोट्टिल्ल", मला मजुरी दिलेली नाही. खाली सविस्तर मराठी. गावातला कन्नड शाळेत शिकणारा कुठलाही दहावीचा मुलगा हे लिहून देईल. भाषेचा लढा आम्ही सीमाभागातली माणसं पिढ्यान् पिढ्या लढतो आहोत. पण चार महिन्यांच्या मजुरीसाठी बीडहून आलेल्या बाईच्या अर्जावर तो लढा उभा करू नये असं मला मनापासून वाटतं.

मराठी अर्ज एवढाच पुरे:

"मी, अमुक, राहणार अमुक गाव, अमुक जिल्हा. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक ठिकाणी, अमुक यांच्या ठेकेदारीत, अमुक कंपनीचे काम केले. मजुरी दिवसाला इतके रुपये ठरली होती. एकूण इतके दिवस काम झाले, पैकी इतके रुपये मिळाले, इतके येणे बाकी आहे. अमुक तारखेला मागणी करूनही दिले नाहीत. माझी मजुरी लागू असलेल्या कायद्यानुसार भरपाईसह मिळवून द्यावी. सोबत वहीच्या पानांच्या, फोटोंच्या व मेसेजच्या प्रती जोडल्या आहेत."

ठेकेदार आणि मूळ मालक, दोघांचीही नावं विरुद्ध पक्ष म्हणून घाला. दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्या. ऑफिसनं पुढे काय केलं याचं लेखी उत्तर मागायचा शब्द इथे आहे "हिंबरह". "हिंबरह कोडि" म्हटलं की कारकुनाला कळतं, हा माणूस तोंडी उत्तरावर परत जाणार नाही. अर्ज घेतच नसतील तर तोच रजिस्टर पोस्टानं पोचपावतीसह पाठवा. टोळीतल्या दहा जणांचे पैसे थकले असतील तर दहाही जणांच्या सह्या एकाच अर्जावर घ्या.

वेतन संहितेनुसार दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, आणि थकलेल्या रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. तरी थांबू नका. हंगाम संपला की सोबती पांगतात आणि साक्षीला कुणी उरत नाही.

वकिलाच्या फीची भीती वाटत असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तालुक्याच्या कोर्टातही समिती असते. १९८७ च्या कायद्यानुसार महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो. फोन १५१००.

गोव्यातल्या कामासाठी पणजीला पाट्टोत श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, कागल-शिरोलीच्या कामासाठी कोल्हापूरच्या सहायक कामगार आयुक्तांचं. रीत तीच, आणि तिथे मराठी अर्जाला अडचण येत नाही.

उचल फिटली नाही आणि जाऊ देत नाहीत

यावर मन लावून वाचा, कारण इथे लोक कायदा आपल्या विरुद्ध आहे असं समजतात आणि तो नेमका उलट आहे.

१९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानुसार, कर्जाच्या किंवा उचलीच्या बदल्यात माणसाला कामावर अडकवून ठेवणं, दुसरीकडे जाऊ न देणं किंवा किमान वेतनाहून कमी पैशांत राबवणं हा गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि अशा बांधून घातलेल्या कामगाराचं ते कर्ज कायद्यानं संपतं. १९८२ मध्ये दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत काम करून घेणं म्हणजेच सक्तीची मजुरी. शिवाय १९७९ च्या आंतरराज्य कामगार कायद्यानं आधीच म्हटलं होतं की कामाच्या काळात ठेकेदाराकडून किंवा मालकाकडून घेतलेलं कर्ज कामाची मुदत संपली की संपलं, त्यासाठी दावा लागत नाही.

प्रत्यक्षात मुकादम कोर्टात जात नाही. तो खोपीवर (झोपडीवर) येतो, बैल सोडून नेतो, मुलाला "काम पुरं होईपर्यंत" ठेवून घेतो, मोबाइल आणि आधार काढून घेतो. मारहाण, डांबून ठेवणं, पोर अडवणं असेल तर लगेच ११२. मूल असेल तर १०९८ सुद्धा. मग प्रशासन. महाराष्ट्रात ज्याला प्रांत म्हणतात, त्याला इथे उपविभागाधिकारी, लोकांच्या तोंडी "एसी साहेब" म्हणतात. बेळगाव, चिकोडी आणि बैलहोंगल अशी या जिल्ह्यात तीन एसी ऑफिसं आहेत. जिल्हाधिकाऱ्यांना "डीसी". वेठबिगारीची चौकशी करून सुटकेचा दाखला द्यायचा अधिकार यांच्याकडे आहे. तो दाखला मागूनच घ्या. त्याच्या आधारावर केंद्राच्या योजनेतून ३० हजारांपर्यंत तातडीची मदत मिळू शकते, आणि गावी परत गेल्यावर मुकादम दारात उभा राहिला तर दाखवायला तो कागद असतो.

रात्री चोरून पळून जाण्यापेक्षा, शक्य असेल तर आधी फोन करून, तक्रार नोंदवून निघा. पळून गेलात की मुकादम फसवणुकीची तक्रार करतो आणि तुमची बाजू मागे पडते.

अपघात

पहिला तास उपचाराचा. सरकारी दवाखान्यात न्याल तर उत्तम, बेळगावचं जिल्हा रुग्णालय मोठं आहे. कुठेही नेलं तरी डॉक्टरांना "कामावर असताना अपघात झाला" हे वाक्य केसपेपरवर लिहायला सांगा आणि पोलिसांकडे नोंद करायला लावा. ठेकेदार म्हणेल, "घरी पडला असं सांग, मी सगळा खर्च करतो." तो पंधरा दिवस खर्च करतो. पुढे हात कायमचा गेला तर त्या एका खोट्या वाक्यामुळे भरपाई जाते.

फॅक्टरीत ईएसआय कापत असतील तर ईएसआय कार्डावर उपचार फुकट आणि अपघाताच्या रजेत मजुरीच्या ९० टक्के रक्कम मिळते. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेले यात येतात, तुमच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. साखर कारखान्याच्या हंगामी कामाला ईएसआय नसतं. जिथे ईएसआय नाही तिथे मालकानं भरपाई द्यायची, चूक कुणाची हे न पाहता. मृत्यू झाला तर महिन्याच्या मजुरीची निम्मी रक्कम गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. तीस वर्षांच्या, १५ हजार मजुरी असलेल्या माणसासाठी तो आकडा २०७.९८ आहे, म्हणजे भरपाई १५,५९,८५० रुपये. ठेकेदार तेराव्याला दोन लाख आणि एक कोरा कागद घेऊन येतो तेव्हा हा आकडा घरातल्यांना माहीत असायला हवा. मजुरीचा पुरावा नसेल तर हिशोब खाली घसरतो, इथेही ती वही लागते. दाव्याची मुदत दोन वर्षं.

ट्रॅक्टर-ट्रॉली रस्त्यावर उलटून अपघात झाला असेल तर मोटार अपघात दावाही करता येतो. तो सहा महिन्यांच्या आत करा. त्यासाठी बेळगावात फेऱ्या मारायची गरज नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातल्या न्यायाधिकरणातही तो करता येतो.

बांधकामावरच्यांनी, गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस काम झालं असेल तर, कर्नाटक बांधकाम कामगार मंडळात नोंद करावी. १८ ते ६० वय लागतं, दुसऱ्या राज्यातला म्हणून नाकारत नाहीत.

बायका आणि मुलं

एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, आणि पैसे नवऱ्याच्या हातात. वहीत तिचं नाव वेगळं लिहा. अपघातात तिचा हात गेला तर "ही कामगार नव्हतीच" असं ऐकावं लागतं, कारण कुठल्याच कागदावर ती नसते. जिथे तिच्या कामाची मजुरी वेगळी ठरवता येते तिथे ती तिच्या खात्यात मागा. सारख्या कामाला सारखी मजुरी, हा कायदा आहे. मुकादम, ठेकेदार किंवा मालकानं अंगाशी यायचा प्रयत्न केला तर तीन महिन्यांच्या आत जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. दहापेक्षा कमी कामगार असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर ही समितीच पाहते. तातडीसाठी १८१.

गरोदर बाईची आणि सहा वर्षांखालच्या मुलांची नोंद जवळच्या अंगणवाडीत करा, गाव दुसऱ्या राज्यातलं असलं तरी.

आणि शाळा. बेळगाव, खानापूर, निपाणी या तालुक्यांत आजही सरकारी मराठी शाळा आहेत. बीडचं पोर तिथे जाऊन बसलं तर त्याला तीच भाषा, तीच बाराखडी भेटते. शिक्षण हक्क कायद्यानुसार वर्षाच्या मध्येही प्रवेश द्यावा लागतो, दाखला नाही म्हणून नाकारता येत नाही. खोप टाकताना सगळ्यात जवळची मराठी शाळा कुठे आहे ते गावकऱ्यांना विचारा. मुख्याध्यापक खूश होतात, कारण पट कमी झाल्यानं या शाळाच धोक्यात आहेत.

निघण्याच्या दिवशी

सामान ट्रॉलीत भरण्याआधी हिशोब करा, नंतर नाही. मुकादमासमोर बसून वही उघडा. एकूण टन किंवा दिवस, ठरलेला दर, मिळालेली उचल, मधली खर्ची (हातखर्चाला मिळालेले पैसे), बाकी. खाली दोघांच्या सह्या आणि तारीख. वाद राहिला तर "इतक्या रकमेवर मतभेद आहे" असं लिहून सही करा, "सर्व हिशोब मिळाला" अशा कागदावर सही करू नका. उचल पूर्ण फिटली असेल तर तसं लिहून घ्या आणि सुरुवातीला दिलेला कागद किंवा चेक तिथेच परत मागा. फॅक्टरीतून निघत असाल तर पीएफचा यूएएन नंबर आणि शेवटची पगारपावती घ्या. ठेकेदाराचा, मूळ मालकाचा आणि सोबतच्या दोघांचा नंबर वहीच्या शेवटच्या पानावर लिहा आणि वही पेटीच्या तळाशी, कपड्यांखाली ठेवा. दावा करायला तीन वर्षं आहेत, तोवर ती जपा.